ऑडिटला ‘मान्य’ लिहून दिलं, पैसेही भरले. आता दाद मागता येते का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, सासऱ्यांनी सुरू केलेला. यजमान मागांकडे बघतात, हिशेब ताईंकडे असतो. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देतो.

“२०२२-२३ या वर्षाचं जीएसटी ऑडिट खात्याने केलं. तीन आक्षेप निघाले. सुताच्या खरेदीचं ३ लाख १० हजारांचं क्रेडिट २बीशी जुळत नाही, गाडीभाड्यावर आरसीएम भरला नाही म्हणून ९६ हजार, आणि जुने माग विकले त्यावर कर लावला नाही म्हणून ५४ हजार. एकूण कर ४ लाख ६० हजार, वर व्याज आणि १५ टक्के दंड. आमचा अकाउंटंट म्हणाला, मान्य करून टाका, नाहीतर नोटीस येईल आणि कराएवढाच दंड बसेल. यांनी ‘सर्व मुद्दे मान्य’ असं लिहून सही दिली. १८ सप्टेंबर २०२५ ला डीआरसी-०३ ने सगळं भरलं. सात लाखांच्या वर गेले. दिवाळीनंतर मी एकेक बिल लावून बघितलं, तेव्हा कळलं की यातलं बरंच आमच्यावर यायलाच नको होतं. हे म्हणतात, सही आपली आहे, आता कुठल्या तोंडाने बोलायचं? अकाउंटंट म्हणतो, मान्य केलं की अपील नाही, विषय संपला. आणि आता २०२३-२४ च्या ऑडिटची नोटीस हातात पडली आहे. खरंच विषय संपला का?”

इतर वाचकांसाठी आधी चार शब्द: क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी, जो आपल्या देण्यातून वजा होतो. २बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टल तयार करतं तो क्रेडिटचा तक्ता. आरसीएम म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानेच कर भरणं. डीआरसी-०३ म्हणजे स्वतःहून कर भरायचा फॉर्म.

ताई, विषय संपलेला नाही. तुमच्या अकाउंटंटचं एक वाक्य खरं आहे, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो फरक आधी समजून घ्या. पुढचा सगळा रस्ता त्यावरच ठरतो.

कर लागतो तो कायद्यामुळे. करदात्याने संमती दिली म्हणून कर लागत नाही. आपल्या घटनेचा २६५ वा अनुच्छेद एवढंच सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. जो कर मुळात लागतच नव्हता, तो तुमच्या यजमानांच्या सहीने लागू होत नाही. केरळच्या एका रबर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा फार स्वच्छ मांडला आहे. पुल्लनगोडे रबर विरुद्ध केरळ राज्य, १९७३ च्या आयटीआरच्या (इन्कम टॅक्स रिपोर्ट्स या निकालसंग्रहाच्या) ९१ व्या खंडात १८ व्या पानावर तो निकाल आहे. कबुली हा अतिशय महत्त्वाचा पुरावा आहे, पण तो अखेरचा नाही. कबुली देणाऱ्याला ती चुकीची होती हे दाखवून देता येतं, असं न्यायालय म्हणतं. या निकालाचे दोन्ही भाग लक्षात ठेवा. तुम्हाला बोलायचा हक्क आहे हे खरं. पण ‘मान्य’ लिहिलेला तो कागद फाइलमध्ये राहणार आहे आणि तो चुकीचा कसा, हे दाखवायचं ओझं आता तुमच्यावर आहे, हेही तितकंच खरं.

आता अपिलाचं बघू. जीएसटी कायद्याच्या कलम १०७ खाली अपील होतं ते आदेशाविरुद्ध किंवा निर्णयाविरुद्ध. ऑडिट संपल्यावर जो एडीटी-०२ येतो, तो आदेश नाही. तो अधिकाऱ्याचा निष्कर्ष आहे. कलम ६५ नीट वाचलं तर दिसेल की ऑडिटमध्ये कर कमी भरल्याचं आढळलं, तर अधिकारी कलम ७३ किंवा ७४ खाली पुढची कारवाई सुरू करू शकतो. म्हणजे खरी लढाई कारणे दाखवा नोटिशीनंतर असते. तिथे उत्तर देता येतं, सुनावणी मागता येते, कारणांसह आदेश मिळतो, आणि त्या आदेशावर तीन महिन्यांत अपील करता येतं. तुम्ही नोटीस येण्याआधीच भरून टाकलं, म्हणून नोटीस निघाली नाही, आणि नोटीस नाही म्हणून आदेशही नाही. अपील करायला कागदच तयार झालेला नाही. अकाउंटंटचं वाक्य एवढ्यापुरतं बरोबर आहे.

मान्य करणाऱ्या बहुतेक लोकांना हे कोणी सांगत नाही. ‘मान्य करा, मिटवा’ म्हणताना दंड वाचतो हे सगळे सांगतात. पण नोटीस, सुनावणी आणि आदेश हे तीन टप्पे आपण स्वतःहून सोडून देतोय, हे कुणी बोलत नाही. मला याचा खरोखर त्रास होतो. सोलापुरात चादर-टॉवेलचे छोटे कारखानदार, गारमेंटवाले, गेली कित्येक वर्षं स्वतःचा हिशेब दुसऱ्याच्या भरवशावर टाकून बसले आहेत, आणि सहीची वेळ येते तेव्हा त्यांना कागद वाचायला दोन दिवसही मिळत नाहीत.

असो. अपील नाही म्हणून दार बंद, असं नाही. पण कुठलं दार ठोठवायचं हे ठरवण्याआधी तीन आक्षेप वेगळे करा. तिघांची जात वेगळी आहे.

जुन्या मागांचं आधी, कारण ते सोपं आहे. माग विकले, भंगारवाल्याने पैसे दिले, बिलात कर लावला नाही. यंत्रसामग्री विकली की कर लागतो. तो तुम्ही द्यायलाच हवा होता. हे ५४ हजार आणि त्यावरचं व्याज परत मागू नका. सगळंच चुकीचं होतं असं म्हणणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही. जे खरं देणं होतं ते कबूल ठेवलं, की उरलेल्या मुद्द्यांना वजन येतं.

गाडीभाडं मात्र नीट उलगडून बघा. तुम्ही पत्रासोबत भाड्याच्या खात्याची जी यादी पाठवली आहे, तिच्यात ऑडिटवाल्यांनी खात्याची एकूण बेरीज घेऊन त्यावर सरळ ५ टक्के लावल्याचं दिसतं. आरसीएम लागतो तो गुड्स ट्रान्स्पोर्ट एजन्सीच्या सेवेवर, आणि कायद्याच्या व्याख्येत एजन्सी म्हणजे जी बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, देते ती. एमआयडीसीतून चाटी गल्लीत माल टाकणारा छोटा टेम्पोवाला बिल्टी देत नाही. त्याला रोख भाडं दिलं, व्हाउचर केलं, विषय संपला. त्या वाहतुकीवर करमाफी आहे. तुमच्या यादीत असे टेम्पो बरेच दिसतात. दुसरं म्हणजे, १८ जुलै २०२२ च्या आधी एका गाडीतल्या मालाचं एकूण भाडं १,५०० रुपयांच्या आत असेल, किंवा एका घेणाऱ्याच्या मालाचं भाडं ७५० च्या आत असेल, तर एजन्सीच्या भाड्यालाही माफी होती. ती त्या तारखेपासून काढून घेतली. तुमचं वर्ष एप्रिल २०२२ ला सुरू होतं, म्हणजे साडेतीन महिन्यांची छोटी भाडी या माफीत बसतात. आणि तिसरं, ज्या ट्रान्स्पोर्टरने बिलातच जीएसटी लावला आहे, त्याच्या भाड्यावर तुम्ही पुन्हा आरसीएम भरायचा नसतो. एकाच भाड्यावर दोनदा कर झाला. एकेका व्हाउचरवर पेन्सिलने खूण करत गेलात तर ९६ हजारांतला किती भाग खरोखर देणं होता, तो आकडा हाती येईल.

सुताचं क्रेडिट सगळ्यात मोठं आहे आणि त्यात तुमची बाजू चांगली दिसते. तुम्ही लिहिता की बिलं फेब्रुवारी आणि मार्च २०२३ ची, सूत त्याच महिन्यांत गोदामात आलं, पैसे दिले, पण व्यापाऱ्याने आपलं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, उशिरा, मे महिन्यात भरलं. त्यामुळे ती बिलं तुमच्या २बीत पुढच्या आर्थिक वर्षात दिसली. तुम्ही क्रेडिट मार्चच्या ३बीतच, म्हणजे कर भरायच्या विवरणपत्रातच, घेऊन टाकलं. नियमाने २बीत दिसल्याशिवाय क्रेडिट घ्यायचं नाही, म्हणून तुम्ही ते लवकर घेतलं, ही चूक मान्य. पण लवकर घेणं आणि न मिळणारं क्रेडिट घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वर्षाच्या बिलांचं क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२३ होती, आणि बिलं त्याच्या कितीतरी आधी २बीत आली. तेव्हा फार तर मार्च ते मे एवढ्या काळाचा प्रश्न उरतो. त्यासाठी पूर्ण ३ लाख १० हजार कायमचे काढून घेणं माझ्या मते टिकणारं नाही. मात्र दोन गोष्टी स्वतः तपासा. हेच क्रेडिट मे-जूनच्या ३बीत पुन्हा घेतलेलं नाही ना? तसं असेल तर खात्याचं म्हणणं बरोबर ठरेल. आणि त्या व्यापाऱ्याने आपलं ३बी भरून कर जमा केला आहे का? पोर्टलवर २ए हा खरेदीचा तक्ता उघडला की प्रत्येक पुरवठादाराच्या ३बीची स्थिती दिसते. ते पान छापून ठेवा.

त्या क्रेडिटवर लावलेलं व्याजही बघा. कलम ५०(३) प्रमाणे चुकीच्या क्रेडिटवर १८ टक्के व्याज लागतं ते क्रेडिट घेतलं आणि वापरलं तरच. नियम ८८ब सांगतो की वापरलं हे कधी धरायचं: क्रेडिट लेजरमधली (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या खात्यातली) शिल्लक त्या चुकीच्या रकमेच्या खाली गेली तर, आणि जेवढी खाली गेली तेवढ्यावरच. तुमच्या लेजरमध्ये मार्च २०२३ पासून शिल्लक ३ लाख १० हजारांच्या वरच राहिली असेल, तर व्याज शून्य. २०२३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत सरसकट व्याज काढलं असेल, तर तो हिशेब पुन्हा करायला हवा. पोर्टलवरून क्रेडिट लेजर उतरवून घ्या, अर्ध्या तासात कळेल.

आता ज्या मुद्द्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही, त्याकडे या. तुम्ही दंड १५ टक्के भरला आहे. नोटिशीआधी भरताना १५ टक्के दंड येतो तो कलम ७४ खाली, म्हणजे फसवणूक, जाणूनबुजून खोटी माहिती किंवा तथ्य लपवल्याच्या आरोपात. साध्या चुकीसाठी कलम ७३ आहे. नोटिशीआधी कर आणि व्याज भरलं तर त्यात दंड लागत नाही. तुमची डीआरसी-०३ उघडून कलमाच्या रकान्यात काय निवडलं आहे ते बघा. ७४ असेल, तर न कळत तुम्ही फक्त रक्कम मान्य केली नाही, फसवणुकीचा शिक्काही मान्य केला. त्याची झळ पुढेही बसते. आरसीएमने भरलेल्या कराचं क्रेडिट एरवी तुम्हाला घेता येतं. नोंदणी नसलेल्या ट्रान्स्पोर्टरच्या बाबतीत तुम्ही स्वतः बिल काढता, आणि क्रेडिटची मुदत त्या बिलाच्या वर्षावरून मोजायची, असं २६ जून २०२४ च्या परिपत्रक २११ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण कलम १७(५) सांगतं की कलम ७४ खाली भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. २०२३-२४ पर्यंतच्या काळाला हे लागू आहे. म्हणजे ७४ वर एक टिचकी मारली आणि जो कर फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचा, तो कायमचा गेला.

आणि तुमच्या बाबतीत लपवलं काय? भाडं खात्यात लिहिलेलं होतं, सुताची बिलं होती, माग विकल्याची नोंद पुस्तकात होती, तिथूनच तर ऑडिटवाल्यांनी ती उचलली. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १३ डिसेंबर २०२३ च्या सूचना क्र. ५ मध्ये आपल्याच अधिकाऱ्यांना बजावलं आहे की कर भरला नाही एवढ्यावरून कलम ७४ लावायचं नाही, फसवणूक किंवा दडवणुकीचा पुरावा हवा. हा कागद तुमच्या अर्जाला जोडा. ऑडिट राज्याच्या खात्याने केलं असलं तरी कलम तेच आहे.

मग करायचं काय? तुमच्यासाठी रस्ता परताव्याचा आहे. कलम ५४ खाली कर, व्याज किंवा इतर कोणतीही भरलेली रक्कम परत मागता येते आणि मुदत दोन वर्षांची. तुमच्यासारख्या प्रकरणात ती पैसे भरल्याच्या तारखेपासून मोजतात. १८ सप्टेंबर २०२५ ला भरलं, म्हणजे सप्टेंबर २०२७ च्या मध्यापर्यंत वेळ आहे. पण तेवढं थांबू नका, कारण खाली सांगतो. पोर्टलवर आरएफडी-०१ हा परताव्याचा अर्ज भरायचा. सोबत तीन आक्षेपांचा वेगवेगळा तक्ता, कुठला भाग मान्य आणि कुठला नाही, त्या प्रत्येकाचे पुरावे. परताव्याची रक्कम दोन लाखांच्या वर जाणार, म्हणून या कराचा बोजा गिऱ्हाइकावर टाकलेला नाही असं सनदी लेखापालाचं प्रमाणपत्रही लागेल. तुमच्या बाबतीत ते अवघड नाही. २०२२ सालच्या टॉवेलचा भाव २०२५ सालच्या ऑडिटमुळे बदलू शकत नव्हता.

अर्ज पंधरा दिवसांत एक तर स्वीकारला जातो, नाहीतर त्रुटी दाखवून परत येतो. नाकारायचा विचार असेल तर खात्याने आधी आरएफडी-०८ ने नोटीस द्यायला हवी. तिला आरएफडी-०९ ने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. त्यानंतर आरएफडी-०६ हा आदेश निघतो. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत तो निघायला हवा. खातं बहुधा म्हणेल की तुम्ही स्वतः मान्य करून भरलंत, आता परतावा कसला. म्हणू द्या. आरएफडी-०६ आला की तुमच्या हातात पहिल्यांदा एक आदेश येतो, आणि त्याविरुद्ध कलम १०७ खाली तीन महिन्यांत अपील होतं. अपील अधिकारी योग्य कारण असेल तर आणखी एक महिना माफ करू शकतो, त्यापलीकडे नाही. ऑडिटच्या वेळी जी सुनावणी तुम्ही सोडून दिली, ती या वाटेने परत मिळते.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा एक निकाल कामाला येईल. एएसपी ट्रेडर्स विरुद्ध उत्तर प्रदेश. तिथे रस्त्यात माल अडवला होता आणि व्यापाऱ्याने माल सोडवायला पैसे भरले. खात्याने धरलं की पैसे आले, प्रकरण मिटलं, आदेश कशाला. न्यायालयाने सांगितलं की पैसे भरले तरी कारणांसह अंतिम आदेश काढायलाच हवा, नाहीतर अपिलाचा हक्कच मारला जातो. ते कलम वेगळं आहे, कलम १२९ चं. तुमच्या प्रकरणाला तो जसाच्या तसा लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण पैसे भरणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे, हा धागा तुमच्या वकिलाने धरावा.

आता धोका. नोटिशीआधी मान्य करून भरण्यात एक शांतता विकत मिळते: त्या कराबद्दल खातं नोटीस काढत नाही. तुम्ही परतावा मागितला की ती शांतता मोडू शकते. २०२२-२३ साठी कलम ७३ चा आदेश ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत निघू शकतो आणि त्याची नोटीस तीन महिने आधी यायला हवी. कलम ७४ ची मुदत ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. एखादा सल्लागार तुम्हाला सांगेल, सप्टेंबर २०२६ उलटू द्या, ७३ ची नोटीस निघायची वेळ जाऊ द्या, मग अर्ज टाका. मला हे पटत नाही. ७४ तरीही उघडं राहतंच. शिवाय चूक कळल्यावर माणूस जितका गप्प बसतो, तितकी त्याची नंतरची तक्रार रचलेली वाटते. तुम्हाला दिवाळीनंतर कळलं, तुम्ही बिलं लावली, हा क्रम आता लगेच कागदावर आणलात तर तो खरा वाटतो, कारण तो खरा आहे. नोटीस आली तर येऊ द्या. तुमच्या सुताच्या आणि भाड्याच्या मुद्द्यांना नोटिशीत उत्तर आहे.

दुसरी एक चूक कटाक्षाने टाळा. ‘अधिकाऱ्यांनी दबाव टाकून सही घेतली’ असं लिहायचा सल्ला तुम्हाला मिळेल, कदाचित मिळालाही असेल. तुमच्या पत्रात दबावाचा शब्दही नाही. घाई होती, भीती होती, सल्ला अपुरा होता. जे घडलं तेच लिहा: कागदपत्रं न तपासता, कायदेशीर स्थितीच्या गैरसमजातून मान्यता दिली, आता तपासणीत पुढील बाबी आढळल्या. जबरदस्तीचा खोटा आरोप केला आणि तो सिद्ध झाला नाही, तर तुमचा खरा मुद्दाही त्याच्यासोबत बुडतो. शिवाय समोरच्या माणसाची नोकरी त्यात असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा मफतलाल इंडस्ट्रीजचा १९९६ चा निकालही तुमच्या वकिलाला ठाऊक असेलच, पण तुम्हीही एक गोष्ट समजून घ्या. परतावा मागायचा तर कायद्यात दिलेल्या वाटेने आणि मुदतीत. आणि जो भरून गप्प बसला, त्याला उद्या दुसऱ्या कुणाच्या खटल्यातल्या विजयाच्या जोरावर पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे शेजारचा कारखानदार लढतोय, तो जिंकला की आपणही मागू, हा हिशेब चालत नाही. याचं अगदी ताजं उदाहरण कलम १६(५) चं. २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांचं उशिरा घेतलेलं क्रेडिट सरकारने २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने मागच्या तारखेपासून वैध केलं, पण त्याच कायद्यात लिहून ठेवलं की ज्यांनी आधीच भरलं किंवा क्रेडिट उलटवलं त्यांना परतावा नाही. जे लढत राहिले त्यांचं वाचलं, जे लवकर ‘मान्य’ म्हणाले त्यांचं गेलं. तुमचं वर्ष यात येत नाही, पण हे वाचणाऱ्या ज्यांचं येतं, त्यांच्यासाठी लिहिलं.

आयकरात असंच झालेलं असेल तर वाट वेगळी असते, तेही इतर वाचकांसाठी सांगतो. तिथे करदात्याने वाढीव उत्पन्न मान्य केलं तरी अधिकारी करनिर्धारणेचा आदेश काढतोच, म्हणून अपिलाला कागद असतो. पण मुदत फक्त तीस दिवसांची, आणि ‘तुम्हीच मान्य केलं होतं’ हा प्रश्न पहिल्याच सुनावणीत येतो. तेव्हाच्या केंद्रीय महसूल मंडळाचं ११ एप्रिल १९५५ चं परिपत्रक १४ तिथे आवर्जून दाखवावं. करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्याने घ्यायचा नाही, उलट त्याला मिळू शकणारी सवलत त्याला सांगायची, असं ते म्हणतं.

आता २०२३-२४ ची नोटीस, जी सगळ्यात तातडीची आहे. ऑडिट सुरू करायला किमान पंधरा कामाचे दिवस आधी एडीटी-०१ यावी लागते, ती आली आहे. अधिकारी मागच्या वर्षीची मान्यता समोर ठेवून भाड्याचा मुद्दा जसाच्या तसा उचलेल, हे धरून चाला. म्हणून परताव्याचा अर्ज या ऑडिटचे आक्षेप हातात पडायच्या आत गेला पाहिजे. मागच्या वर्षी मान्य आणि या वर्षी अमान्य, हा विरोधाभास त्यानेच मिटतो. नियम १०१ प्रमाणे अधिकारी आक्षेप आधी तुम्हाला कळवू शकतो आणि तुमचं उत्तर विचारात घेऊनच अहवाल पक्का करतो. ही पायरी या वेळी सोडू नका. उत्तर मुद्देनिहाय द्या, आणि कुठेही ‘सर्व मुद्दे मान्य’ असा शब्द येऊ देऊ नका. जिथे देणं असेल तिथे लिहा: ‘अमुक रकमेपुरतं मान्य, उर्वरित रक्कम पुढील कारणांसाठी अमान्य, अमान्य रकमेबाबत कायद्याप्रमाणे नोटीस देऊन सुनावणी द्यावी.’ नोटिशीची भीती घालून घेऊ नका. ७३ खाली नोटीस आली तरी तीस दिवसांत कर-व्याज भरलं की सर्वसाधारणपणे दंड माफच असतो. म्हणजे मत ठरवायला तेव्हाही वेळ मिळतो.

यजमानांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण पत्रात ते जाणवलं. त्यांनी सही केली ती कामगारांचा पगार, सुताचे पैसे, दारात ऑडिट, या सगळ्यात हे एकदाचं मिटावं म्हणून. पुष्कळ भली माणसं अशीच सही करतात. परतावा मागणं म्हणजे शब्द फिरवणं नव्हे. मागांवरचे ५४ हजार तुम्ही तसेच ठेवताय, हे त्यांना दाखवा. खरं देणं ठेवून उरलेलं मागतोय हे कळलं, की त्यांचा संकोच कमी होईल. अर्जावर अधिकृत सही त्यांचीच लागणार असेल, म्हणून त्यांना पटणं आवश्यकही आहे.

अकाउंटंटला आज लगेच काढून टाकू नका. त्याच्याकडे एडीटी-०२ ची प्रत, मान्यतेच्या पत्राची पोच, डीआरसी-०३, पोर्टलवर आलेली डीआरसी-०४ (भरण्याची पोच) आणि भाड्याची मूळ व्हाउचरं आहेत. ती आधी ताब्यात घ्या. पोर्टलचं लॉगिन आणि ओटीपीचा मोबाइल क्रमांक तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर करून घ्या. मग अपील चालवणारा एखादा वकील किंवा सनदी लेखापाल गाठा, ज्याने परताव्याची प्रकरणं प्रत्यक्ष चालवली आहेत, आणि त्याच्यासमोर पहिल्या दिवशी सुताच्या व्यापाऱ्याचा खातेउतारा, त्याच्या बिलांची २बीतली नोंद आणि तुमचं क्रेडिट लेजर, हे तीन कागद ठेवा.